आधी गिऱ्हाईक, मग खेळ, मग यंत्र

बेळगाव-निपाणी पट्ट्यात गेमिंग सेंटर काढायचे ठरवलेल्या तरुणाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ग्राफिक कार्ड कोणते घेऊ? ही पुस्तिका त्या प्रश्नाचे उत्तर देते, पण सहाव्या प्रकरणात. आधीची पाच प्रकरणे वाचायचा कंटाळा करू नये, ही माझी पहिली विनंती. तुमच्या गल्लीत येणार कोण, किती वाजता येणार, खिशात किती पैसे असणार, एकटा येणार की चौघांना घेऊन, आणि त्याला खेळायचे काय आहे, हे कळण्याआधी घेतलेले कार्ड कितीही भारी असले तरी ते अंदाजपंचे घेतलेले असते.

पुस्तिका लिहायला घेतली ती याच तरुणासाठी. बहुतेक वेळा जागा घरची किंवा भावकीची असते, नाहीतर पागडी आणि डिपॉझिट देऊन घेतलेला गाळा असतो. भांडवलात थोडी बचत, थोडे सोसायटीचे कर्ज आणि बरेचसे आईवडिलांचे पैसे असतात. अशा पैशाला दुसरी संधी मिळत नाही. मुंबई-पुण्याच्या किंवा बेंगळूरच्या मोठ्या मॉलमधले सेंटर पाहून तशीच यंत्रे मागवली, आणि इथल्या गिऱ्हाइकाला तो दर परवडला नाही, तर वर्षभरात ती यंत्रे अर्ध्या किमतीला विकायची वेळ येते. म्हणून निवडीचा क्रम नीट समजावून सांगावा, तोही आपल्या गावांचा, आपल्या पावसाचा आणि आपल्या विजेचा हिशेब धरून, असे मनापासून वाटले.

हा धंदा आपल्याकडे अगदी नवा नाही. नव्वदच्या दशकात नाणे टाकून खेळायची मशीन गावोगाव पोहोचली, तेव्हा त्यांवरचा एक खेळ सगळ्यांच्या तोंडी होता. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेल्या त्या खेळाचे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण पोरांनी त्याला त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हटले आणि तेच नाव टिकले. पुढे सायबर कॅफे आले. दिवसा अर्ज भरणारे, निकाल पाहणारे लोक आणि संध्याकाळी ‘काउंटर-स्ट्राइक’ किंवा ‘व्हाइस सिटी’ खेळणारी मुले, अशा दोन पाळ्यांत एकच संगणक चालायचा. मग स्वस्त डेटा आला, खेळ मोबाइलवर गेला आणि कॅफेंची शटर खाली आली. आता जे सेंटर निघते आहे ते या तिन्ही अनुभवांनंतरचे आहे. घरी मोबाइल असतानाही मुलगा तुमच्याकडे का येईल, याचे उत्तर या सेंटरला द्यावे लागते. ते साधारण तीन गोष्टींत आहे : मोबाइलवर न चालणारा खेळ, घरी न परवडणारे यंत्र, आणि शेजारी बसलेला मित्र. यातली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे, आणि तिला पैसेही सर्वांत कमी लागतात.

दक्षिण कोरियाचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९९७ च्या अखेरीस तिथे आर्थिक संकट आले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांतल्या काहींनी भाड्याच्या जागेत संगणक मांडून ‘पीसी बांग’ काढले. १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ आला आणि त्या जागा भरून गेल्या. त्या काळात संगणक आजच्या मानाने साधेच होते. लोक आले ते समोरासमोर बसून एकमेकांविरुद्ध खेळायला, आणि त्या खेळाला लागेल तेवढेच यंत्र दुकानदारांनी ठेवले. आधी खेळणारा, मग खेळ आणि शेवटी यंत्र हा क्रम तिथे परिस्थितीनेच पाळून घेतला. आपल्याला तो विचार करून पाळायचा आहे.

खेळणाऱ्यापासून सुरुवात करू. बेळगाव आणि निपाणी या दोन गावांत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचे अंतर आहे, पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगे आहेत. बेळगाव हे शिकणाऱ्यांचे गाव. टिळकवाडीतली कॉलेजे, उद्यमबागेतले गोगटे इन्स्टिट्यूट, नेहरूनगरचे १९६३ पासूनचे मेडिकल कॉलेज, मच्छेचे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ यांमुळे इथे कर्नाटकभरची आणि बाहेरची मुले खोल्या घेऊन राहतात. त्यांच्याकडे रात्रीचा वेळ असतो, चौघांपाचांचा गट असतो, आणि संगणकावरचे नेमबाजीचे खेळ त्यांना आधीच येत असतात. मात्र सेमिस्टर परीक्षा लागल्या की हा वर्ग एकदम गायब होतो, आणि सुट्टीत आपापल्या गावी जातो. कॅम्पातल्या आणि जुन्या गल्ल्यांतल्या मुलांचे तसे नाही. ती बारा महिने इथलीच. पण शिवजयंतीच्या चित्ररथांच्या दिवसांत ती मंडळात असतात, दिवाळीआधी किल्ला बांधण्यात असतात, आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते तेव्हा सेंटरमध्ये चिटपाखरू नसते. हे पंचांग भिंतीवर लावून मगच भाड्याचा आणि हप्त्याचा हिशेब करावा.

निपाणीचा गिऱ्हाईक वेगळा. तंबाखूच्या वखारी, बाजारपेठ आणि हमरस्ता यांवर चालणारे हे गाव. इथे संध्याकाळी काम आटोपून आलेला तरुण तासभर विरंगुळा शोधतो. त्याला पाच जणांचा गट जमवून चाळीस-चाळीस मिनिटांचे सामने खेळायला सवड नसते. मित्राबरोबर सोफ्यावर बसून दहा मिनिटांत निकाल लागणारा खेळ त्याला हवा असतो. शिवाय निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि कोल्हापूरचे फुटबॉलवेड इथवर पोहोचले आहे. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही नावे पाठ असलेल्या मुलाला फुटबॉलच्या गेमची ओळख करून द्यावी लागत नाही. बेळगावच्या कॅम्पातही शालेय फुटबॉलची जुनी परंपरा आहे. म्हणून या पट्ट्यात कन्सोल घेणाऱ्याने पहिला गेम फुटबॉलचा घ्यावा, असे मी ठामपणे सांगतो. पूर्वी ‘फिफा’ नावाने येणारा हा गेम २०२३ पासून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने येतो. त्याच्या जोडीला ‘टेकन ८’सारखा मारामारीचा आणि एखादा क्रिकेटचा गेम असला की दोघांनी मिळून खेळण्याची बाजू भरून निघते.

गिऱ्हाईक ओळखायला मोठी पाहणी लागत नाही. ज्या रस्त्यावर सेंटर काढायचे तिथे आठवड्यातले वेगवेगळे दिवस दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत बसावे आणि वहीत लिहावे : कोण जाते, कितीजण मिळून जातात, वय काय, चहाच्या टपरीवर किती वेळ थांबतात. पहिल्या प्रकरणात या वहीचा नमुना दिला आहे. ती भरल्यावर बहुतेकांच्या लक्षात येईल की आपल्याला वीस संगणक नकोत. सहा संगणक आणि दोन कन्सोल पुरतात, किंवा उलट.

आता खेळ. खेळ निवडताना तीन प्रश्न विचारावेत : तो इथल्या मुलांना आधीपासून माहीत आहे का, तो दुकानात चालवायची परवानगी आहे का, आणि उद्या तो बंद झाला तर आपले काय होईल? तिसरा प्रश्न कल्पनेतला नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली. २०२१ मध्ये त्याच जातीचा ‘बीजीएमआय’ आला, जुलै २०२२ मध्ये तोही अडवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. ‘फ्री फायर’ फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. ज्याने एका खेळाच्या भरवशावर दुकान मांडले त्याला सरकारी आदेशाच्या एका रात्रीत रिकाम्या खुर्च्या पाहाव्या लागतात. म्हणून कुठल्याही एका खेळावर निम्म्याहून जास्त कमाई अवलंबून राहू देऊ नये.

परवानगीचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. आपण दुकानातून गेम विकत घेतो तेव्हा तो वैयक्तिक वापरापुरता मिळतो. ‘स्टीम’च्या करारात तसे स्पष्ट आहे आणि प्लेस्टेशनच्या अटीही बिगरव्यापारी वापराच्याच आहेत. कॅफेंसाठी ‘स्टीम’ची वेगळी परवाना योजना आहे, ती कशी घ्यायची ते तिसऱ्या प्रकरणात सांगितले आहे. ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर-स्ट्राइक २’, ‘डोटा २’ हे खेळ फुकट मिळतात आणि खेळाडू स्वतःच्या खात्यावर खेळतो, त्यामुळे सुरुवात करणाऱ्याचा खर्च वाचतो. तरी त्यांच्याही अटी वाचून घ्याव्यात. कन्सोलच्या बाबतीत वितरकाकडून व्यापारी वापराबद्दल लेखी उत्तर मागावे. चोरीची कॉपी मात्र कुठल्याही कारणाने बसवू नये. तिच्याबरोबर येणारा व्हायरस गिऱ्हाइकाच्या खात्याचा पासवर्ड चोरतो, आणि ज्या मुलाचे वर्षानुवर्षे जमवलेले खाते तुमच्या संगणकावरून गेले तो आणि त्याचे सगळे मित्र पुन्हा फिरकत नाहीत.

खेळांची यादी झाली की यंत्राचा प्रश्न सोपा होतो. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्याला चित्र डोळे दिपवणारे नसले तरी चालते. त्याला हवा असतो वेग. साधी ६० हर्ट्झची स्क्रीन एका सेकंदात साठ वेळा, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलते. १४४ हर्ट्झची स्क्रीन सुमारे ७ मिलिसेकंदांनी बदलते. कोपऱ्यावरून येणारा शत्रू दिसणे आणि बंदूक रोखणे यांतला सगळा खेळ एवढ्याशा फरकात असतो. म्हणून मध्यम दर्जाचे कार्ड आणि १४४ हर्ट्झची स्क्रीन ही जोडी, महागडे कार्ड आणि ६० हर्ट्झच्या स्क्रीनपेक्षा आपल्या सेंटरला जास्त उपयोगी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. म्हणून वापरलेले जुने संगणक स्वस्तात घेताना त्यांचा मदरबोर्ड या दोन्ही गोष्टी देतो का, हे समोर चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

किमतीचा हिशेब तासावर करावा. समजा, स्क्रीनसह एक संगणक ७०,००० रुपयांना पडला आणि तो तीन वर्षे चालेल असे धरले. महिन्याला सुमारे १,९५० रुपये झिजतात. महिन्यात २६ दिवस, रोज पाच तास तो भाड्याने गेला तर १३० तास होतात आणि तासाला १५ रुपये केवळ यंत्राच्या झिजेचे पडतात. रोज दोनच तास गेला तर तीच झीज तासाला ३७ रुपयांच्या पुढे जाते. आता १,४०,००० रुपयांचा संगणक घ्या. तासाला १५ रुपयांवर यायला तो रोज दहा तास चालला पाहिजे. कॉलेजच्या रस्त्यावर दहा तास खुर्ची भरलेली राहत नाही, आणि गिऱ्हाईक दुप्पट दरही देत नाही. यंत्राची किंमत दुप्पट झाली म्हणून येणाऱ्याचा आनंद दुप्पट होत नाही, हे हा साधा भागाकार दाखवतो. पुस्तिकेच्या शेवटी कोरा तक्ता दिला आहे. त्यात स्वतःचे आकडे भरल्याशिवाय कोणी ऑर्डर देऊ नये.

हाताला लागणाऱ्या वस्तूंवर मी एक पूर्ण प्रकरण खर्च केले आहे, कारण सेंटरची अब्रू तिथेच ठरते. ग्राफिक कार्ड कोणाला दिसत नाही. माऊस, कीबोर्ड, हेडफोन आणि कंट्रोलर मात्र प्रत्येकाच्या हातात येतात. घरी एक माणूस जो कंट्रोलर दिवसाला तासभर वापरतो तोच इथे दहा वेगवेगळे हात सहा-सात तास पिळतात. कंट्रोलरच्या अंगठ्याखालच्या काडीत बहुधा घासून चालणारा पोटेन्शिओमीटर असतो. घासून घासून त्याचा थर झिजतो, आणि मग हात न लावताही खेळाडू आपोआप डावीकडे सरकू लागतो. मुले याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात आणि पहिल्या मिनिटाला ओळखतात. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट काडीत घासण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून कन्सोलला चालणारा तसा कंट्रोलर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. दर दोन कंट्रोलरमागे एक जादा ठेवावा. हेडफोनच्या गाद्या कापडी नकोत, पुसता येतील अशा असाव्यात, आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसाव्यातच. माऊसचे एक क्लिक दोनदा लागू लागले की तो त्याच दिवशी बाजूला काढावा. खुर्चीवर फार चमक नको; तिच्या चाकांची आणि गॅसच्या नळीची हमी पाहावी.

या बाबतीत बेळगावकडे एक बळ आहे, ते वापरावे. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये लोखंडी चौकट, टेबल, स्टीअरिंगचा स्टँड अशा गोष्टी मापाने करून मिळतात. गाड्यांच्या शर्यतीसाठी बाहेरून मागवलेली तयार चौकट महाग पडते. इथला फॅब्रिकेटर तीच भक्कम करून देतो आणि मोडली तर दुरुस्तही करतो. स्टीअरिंग आणि पेडल चांगल्या कंपनीचे घ्यावे, बाकीचे लोखंड आपले असावे. व्हीआरचा मोह मात्र सुरुवातीला आवरावा. एका माणसाला साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते, सोबत सतत एक माणूस उभा लागतो, आणि नवलाई ओसरली की तीच जागा दोन खुर्च्यांचे भाडे खाते. त्यापेक्षा एक चांगला कॅरम बोर्ड ठेवावा. त्याची खेळण्याची जागा जेमतेम ७४ सेंटिमीटर चौरस, वीज लागत नाही, आणि वाट पाहणारी चार मुले दारातून परत जात नाहीत. जागा असेल तर पूल टेबल. पण काठीला चारही बाजूंनी मागे यायला जागा हवी, हे माप भाडेकरार करण्याआधी घ्यावे.

यंत्रे घेतल्यावर ती जगवायची आहेत, आणि इथे आपले हवामान मध्ये येते. बेळगावचा पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल्या ठेवतो. बंद ठेवलेल्या यंत्रात दमटपणा बसतो, कॅरमचा बोर्ड वाकतो, पूलच्या कापडाला बुरशी येते. गिऱ्हाईक असो वा नसो, पावसाळ्यात प्रत्येक यंत्र रोज काही वेळ चालू ठेवावे आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. निपाणीत त्रास धुळीचा. वखारींच्या आसपास तंबाखूची बारीक धूळ हवेत असते. ती पंख्यांच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत बसते, यंत्र तापते आणि मग खेळ अडखळतो. तिथे आत येणाऱ्या हवेला जाळीचा फिल्टर लावणे आणि ठरावीक दिवशी ब्लोअरने साफ करणे हा खर्च सुरुवातीच्या अंदाजातच धरावा.

विजेचा हिशेब वायरमनवर सोडू नये. खेळ चालू असताना स्क्रीनसह एक संगणक साधारण ४०० वॅट घेतो असे धरा. दहा संगणकांचे ४ किलोवॅट झाले, आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. बारा माणसांची मिळून आणखी सव्वा किलोवॅट उष्णता. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे दीड टनाचा एसी एवढ्यातच संपला. वरचा स्लॅब तापत असेल तर दुसरा लागणारच. एसी धरून भार सात-आठ किलोवॅटवर जातो. हेस्कॉमकडून व्यापारी मीटर आणि तेवढा मंजूर भार आधी घ्यावा, थ्री फेज घ्यावे, स्वतंत्र अर्थिंग करावे आणि गळती पकडणारा आरसीसीबी बसवावा. लाइट गेली तर सामना वाचवण्यापुरती दहा मिनिटे यूपीएसने द्यावीत. इंटरनेटचेही असेच : किती एमबीपीएस याची जाहिरात होते, पण खेळाडूला हवा असतो कमी पिंग. ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर मुंबईत आहेत, आपल्या जागेवरून मुंबईपर्यंत जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात हे संध्याकाळी आठ वाजता, गर्दीच्या वेळी मोजावे. दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर घ्यावी. गेमचे मोठे अपडेट एकाच यंत्रावर उतरवून आतल्या जाळ्यातून बाकीच्यांना द्यावे. ‘स्टीम’मध्ये ती सोय २०२३ पासून आहे.

कायद्याचे प्रकरण सीमाभागात जास्त काळजीने लिहावे लागले. निपाणीचे देवचंद कॉलेज ज्या अर्जुननगरात आहे ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. विद्यार्थी तेच, चहाची टपरीही तीच, पण गाळा रस्त्याच्या कोणत्या बाजूला घेतला यावर तुमची सगळी कागदपत्रे बदलतात. इकडे नगरपालिकेचा ट्रेड लायसन्स, हेस्कॉमचे मीटर, कर्नाटकाचा १९६१ चा दुकाने व आस्थापना कायदा, आणि फलकावर ६० टक्के भाग कन्नड असावा असा २०२४ चा नियम. तिकडे ग्रामपंचायत, महावितरण आणि महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा. केंद्राचे नियम मात्र दोन्हीकडे एकच. लोकांना इंटरनेट वापरायला देणारी प्रत्येक धंद्याची जागा कायद्याने सायबर कॅफे ठरते, त्यामुळे २०११ च्या नियमांप्रमाणे ओळखपत्र पाहणे, नोंद वर्षभर जपणे आणि आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच न ठेवणे बंधनकारक आहे. केबिन करायचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांनी हे सुताराला बोलावण्याआधी वाचावे.

आगीबद्दल मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका गेम झोनला आग लागली आणि २७ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. पत्र्याचे बांधकाम, वेल्डिंगच्या ठिणग्या, आत साठवलेले इंधन आणि अग्निशमन विभागाचा नसलेला दाखला, हे सगळे तिथे एकत्र आले होते. आपले सेंटर लहान आहे म्हणून धोका लहान होत नाही. भिंतींना फोम लावू नये, बाहेर पडायला दोन वाटा असाव्यात, दुसऱ्या वाटेत खोकी रचू नयेत, जनरेटरचे डिझेल आत ठेवू नये, आणि विजेच्या आगीवर चालणारे सिलिंडर हाताशी असावेत. पहिल्या मजल्यावर एकच जिना असलेली जागा कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

पैशाच्या खेळाबद्दलही तसेच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ त्याने बंद केला. तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्याने मान दिला. स्पर्धा भरवा, आयोजनाच्या खर्चापुरते प्रवेशशुल्क घ्या, चषक द्या. पण मुलांनी आपसात लावलेली पन्नास रुपयांची पैजही सेंटरमध्ये चालू देऊ नका. जुगाराचा एक डाव पाहिला गेला की गल्लीच्या नजरेत तुमचे दुकान कायमचे अड्डा होते.

आणि मुले. जागतिक आरोग्य संघटनेने खेळण्यावरचा ताबा सुटणे हा विकार म्हणून नोंदवला आहे. ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. म्हणून शाळेच्या वेळेत गणवेशातल्या मुलाला बसू देऊ नये, लहानांसाठी तासांची मर्यादा ठेवावी, गेमवरची वयाची खूण पाहूनच तो लावून द्यावा, आणि नियमांचा फलक मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत लावावा. यातून काही तास बुडतील. पण आपल्या गावात धंदा चालतो तो आईबापांच्या विश्वासावर. जी आई निश्चिंत मनाने ‘तिथे आहे ना, मग असू दे’ म्हणेल ती तुमची खरी जाहिरात.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. पहिली दोन प्रकरणे गिऱ्हाईक आणि जागेची, पुढची तीन खेळ आणि परवान्यांची, सहावे आणि सातवे यंत्रांची आणि हातातल्या वस्तूंची, आठवे वीज, हवा आणि इंटरनेटचे, नववे कायदा आणि सुरक्षिततेचे, दहावे हिशेबाचे. एकदा सलग वाचावे, मग वही घेऊन रस्त्यावर जावे, आणि परत येऊन दहाव्या प्रकरणातला तक्ता भरावा. तक्ता जुळला नाही तर सेंटर लहान करावे : आठाऐवजी पाच खुर्च्या, नव्याऐवजी तपासून घेतलेले जुने यंत्र, दोनऐवजी एक कन्सोल. लहान सुरुवात करून भरलेल्या खुर्च्यांच्या पैशातून वाढलेले सेंटर टिकते.

आपल्या पट्ट्यात तालीम होती, अजून आहे. गल्लीत कॅरम होता, मैदानावर फुटबॉल होता. मुलांना एकत्र येऊन खेळायला जागा देणे हे गावाने नेहमी चांगले काम मानले आहे. आजची मुले ज्या खेळात रमतात त्यासाठी स्वच्छ, उजेडाची, भांडणाशिवायची आणि परवडणारी जागा उभी करणे हे त्याच पंगतीतले काम आहे. ते करायला निघालेल्या प्रत्येकाच्या घरचा पैसा राहावा आणि गावाला त्याच्या दुकानाचा अभिमान वाटावा, या दोनच इच्छांनी पुढची पाने लिहिली आहेत.